‘अनलिमिटेड’ वेब होस्टिंग खरंच अनलिमिटेड असतं का?

‘अनलिमिटेड स्पेस, अनलिमिटेड बँडविड्थ, महिन्याला फक्त ९९ रुपये!’ अशा जाहिराती फेसबुक-इन्स्टाग्रामवर सतत दिसतात. घरगुती फराळाचा व्यवसाय, कोकणातला होमस्टे किंवा एखादं न्यूज पोर्टल सुरू करणाऱ्याला हा सौदा स्वस्त आणि मस्त वाटतो. अडचण नंतर येते. ऐन दिवाळीच्या तोंडावर ऑर्डरी वाढतात आणि नेमकी तेव्हाच वेबसाइट उघडेनाशी होते. जागा शिल्लक असते, बँडविड्थही ‘अनलिमिटेड’ असते. मग घोडं अडतं कुठे?

स्टोरेज आणि बँडविड्थ म्हणजे काय?

होस्टिंग म्हणजे इंटरनेटशी कायम जोडलेल्या कॉम्प्युटरवर, म्हणजेच सर्व्हरवर, वेबसाइटसाठी भाड्याने घेतलेली जागा. फोटो, मजकूर आणि ईमेल जिथे साठतात ते स्टोरेज. लोक वेबसाइट उघडतात तेव्हा सर्व्हरवरून त्यांच्या मोबाइलवर डेटा जातो. त्याच्या महिन्याच्या एकूण मापाला जाहिरातींमध्ये बँडविड्थ म्हणतात. एक पान २ एमबीचं असेल आणि महिन्यात १०,००० वेळा उघडलं गेलं, तर २० जीबी बँडविड्थ खर्च होते.

या दोन्ही गोष्टींना मर्यादा असतेच. १०० एमबीपीएसची लाइन महिनाभर एक सेकंदही न थांबता पूर्ण वेगाने चालली, तरी तिच्यातून सुमारे ३२ टेराबाइट डेटाच बाहेर जाऊ शकतो. आणि ती लाइन एकट्या ग्राहकाची नसते.

मग कंपन्या ‘अनलिमिटेड’ देतात कशाच्या जोरावर?

हे गणित अनलिमिटेड थाळीसारखं आहे. प्रत्येक गिऱ्हाईक पन्नास पोळ्या खात नाही, हे खाणावळीच्या मालकाला पक्कं ठाऊक असतं. स्वस्त होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर शेकडो वेबसाइट ठेवलेल्या असतात. याला शेअर्ड होस्टिंग म्हणतात. बहुतेक वेबसाइट छोट्या असतात आणि फारच थोडी जागा वापरतात. म्हणून कंपनी प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा जास्त जागा विकते. हे ओव्हरसेलिंग.

पण थाळीत पोळ्या कितीही असल्या, तरी वाढपी एकच असेल तर पान रिकामंच राहतं. होस्टिंगची खरी मर्यादा या वाढप्यापाशी असते, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेखही नसतो.

लपलेल्या तीन मर्यादा

१. प्रोसेसर आणि रॅम. प्रत्येक वेबसाइटला सर्व्हरच्या ताकदीचा ठरावीक वाटाच मिळतो. एकाच वेळी किती विनंत्या हाताळायच्या, यालाही आकडा असतो. तो ओलांडला की वेबसाइट मंदावते किंवा ग्राहकाला ‘५०८ रिसोर्स लिमिट इज रीच्ड’ असा संदेश दिसतो. म्हणजे ‘अनलिमिटेड’ बँडविड्थ वापरण्याआधीच दार बंद होतं.

२. फाइलींची संख्या. नियमांत हा आकडा ‘आयनोड’ या नावाने येतो. साधारणपणे एक फाइल म्हणजे एक आयनोड, मग ती कितीही लहान असो. सर्व्हरवर साठलेला प्रत्येक ईमेलही बहुतेक वेळा एक वेगळी फाइल असतो. वर्डप्रेसवर एक मोठा फोटो चढवला की त्याच्या वेगवेगळ्या मापांच्या पाच-सहा प्रती आपोआप तयार होतात. त्यामुळे जीबी शिल्लक असतानाही नवीन फाइल चढेनाशी होऊ शकते. काही कंपन्या ठरावीक संख्येनंतर त्या वेबसाइटचा बॅकअप घेणंच थांबवतात.

३. वापराचे नियम. ‘फेअर यूसेज’ किंवा ‘अ‍ॅक्सेप्टेबल यूज’ या शीर्षकाखाली अनेकदा लिहिलेलं असतं, की ही जागा व्हिडिओंचा साठा, बॅकअप किंवा फाइल शेअरिंगसाठी वापरता येणार नाही. ज्या कामाला भरपूर जागा लागते, नेमकं तेच वगळलेलं असतं. नियम मोडल्यास खातं बंद करण्याचा अधिकारही कंपनीने राखून ठेवलेला असतो.

कायदा काय म्हणतो?

जाहिरातीतला मोठा शब्द आणि तळाची बारीक अक्षरं, हा वाद जुना आहे. अमेरिकेत ‘अनलिमिटेड’ मोबाइल डेटा विकून ठरावीक वापरानंतर वेग कमी केल्याबद्दल तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये एटी अँड टी कंपनीवर खटला भरला. २०१९ मध्ये ६ कोटी डॉलर देऊन कंपनीने तो मिटवला.

भारतात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२२ पासून लागू आहेत. त्यानुसार खालची तळटीप जाहिरातीतल्या मुख्य दाव्याला छेद देणारी नसावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अशा जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

पैसे भरण्याआधी हे विचारा

• आयनोडची मर्यादा किती?
• प्रोसेसर आणि रॅमचा वाटा किती? एका वेळी किती विनंत्या चालतील?
• मर्यादा ओलांडल्यास वेबसाइट मंद होईल, बंद पडेल की जादा पैसे लागतील?
• बॅकअप कोण घेणार, किती दिवसांनी? फाइली वाढल्या तरी घेणार का?
• पहिल्या मुदतीनंतर नूतनीकरणाचा दर काय?

उत्तरं फोनवर न घेता ईमेल किंवा चॅटवर लेखी घ्या. वाद झाला तर तोच पुरावा ठरतो. शिवाय वेबसाइटची एक प्रत दर महिन्याला स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा.

छोट्या वेबसाइटला स्वस्त शेअर्ड होस्टिंग अनेकदा पुरेसं असतं, त्यामुळे ते घेण्यात गैर काही नाही. पण दोन प्लॅनची तुलना करताना ‘अनलिमिटेड’ हा शब्द बाजूला ठेवा. ‘२० जीबी जागा, २ जीबी रॅम’ असं स्पष्ट सांगणारा प्लॅन कागदावर लहान दिसतो, पण त्यात नेमकं काय मिळणार हे आधीच कळतं.