सर्व्हर सुरू झाला म्हणजे दुरुस्त झाला असं नाही

आपल्या शाळांच्या, शिक्षण संस्थांच्या, पतसंस्थांच्या कार्यालयात आता एका कोपऱ्यात एक पेटी दिवसरात्र चालू असते. तिला सगळे सर्व्हर म्हणतात. मुलांचं जनरल रजिस्टर, फीच्या पावत्या, शिष्यवृत्तीचे अर्ज, जुन्या दाखल्यांचे स्कॅन, सगळं तिच्यात. ती बंद पडली की कार्यालय बंद पडतं. मग इंजिनिअर येतो, एखादा पार्ट बदलतो, स्क्रीन उजळते, सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. बिल दिलं जातं आणि बाहेर थांबलेल्या पालकांना लगेच दाखले द्यायला सुरुवात होते.

इथेच घाई होते. आम्ही शिक्षक मंडळी पेपर तपासून झाला म्हणून लगेच निकाल लावत नाही. बेरीज पुन्हा करतो, आतल्या पानावरचे गुण बाहेरच्या पानावर बरोबर आलेत का ते बघतो. दुरुस्त होऊन आलेल्या सर्व्हरचंही तसंच करायला हवं. इंजिनिअरचा प्रश्न असतो, "मशीन चालू झालं का?" आपला प्रश्न वेगळा असला पाहिजे: "आतली नोंद जशीच्या तशी आहे का, आणि उद्याही राहील का?"

एका अंकाची किंमत

बंद पडलेला सर्व्हर त्रास देतो, पण तो निदान दिसतो. खरी भीती आहे ती चालू असलेल्या, पण चुकीचं लिहिणाऱ्या सर्व्हरची.

एक उदाहरण बघा. कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर, प्रत्येक अंक शून्य आणि एक यांच्या रांगेत साठवतो. या रांगेतल्या एकेका जागेला बिट म्हणतात. मजकूर म्हणून साठवलेला १ हा अंक आणि ९ हा अंक यांच्यात फक्त एका बिटाचा फरक असतो. रॅम खराब असेल आणि नेमका तो बिट उलटला, तर २०११ साली जन्मलेल्या मुलीच्या नोंदीत २०१९ होऊ शकतं. कुठलीही सूचना येत नाही, घंटा वाजत नाही. नोंद तशीच सेव्ह होते आणि त्यावरून दाखला छापला जातो.

दाखल्यावरची जन्मतारीख माणसाच्या मागे आयुष्यभर फिरते. आणि जुन्या नोंदींचं महत्त्व आपल्या घरांना वेगळं सांगायला नको. बागवान, तांबोळी, मोमीन अशा ओबीसी यादीतल्या कुटुंबांना जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. तेव्हा दादाजानच्या शाळेतली एक ओळ सगळं काही असते. वाळवी लागायच्या आत ती रजिस्टरं स्कॅन करून ठेवणाऱ्या शाळांच्या सर्व्हरमध्ये ती ओळ असते. ती लोकांची अमानत आहे.

पहिली पायरी: कुणालाही न जोडता तपासा

मशीन परत आल्यावर कार्यालयातले बाकीचे कॉम्प्युटर लगेच जोडू नका. नेटवर्कची केबल काढून ठेवा. सुरू होताना आतल्या सेटिंगच्या पानावर, म्हणजे बायोसमध्ये, जायला इंजिनिअरला सांगा आणि स्वतः शेजारी बसून चार गोष्टी बघा. रॅम आधी होती तितकीच दिसते का? सगळ्या हार्ड डिस्क दिसतात का? पंखे फिरतात का? तारीख आणि वेळ बरोबर आहे का?

तारखेची गोष्ट किरकोळ वाटते, पण तशी नाही. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाची तीन व्होल्टची, नाण्यासारखी बॅटरी असते. ती संपली असेल किंवा मदरबोर्डच बदलला असेल, तर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. मग सरकारी पोर्टल उघडत नाही, कारण सुरक्षित वेबसाइटची ओळख पटवताना तारीख बघितली जाते. पावत्यांवरही चुकीची तारीख छापली जाते. यावर सोपी तपासणी आहे. मशीन नीट बंद करा, प्लग काढून तासभर ठेवा आणि पुन्हा सुरू करून घड्याळ बघा.

मदरबोर्ड बदलताना आणखी एक अडचण येते. विंडोजमध्ये बिटलॉकरचं कुलूप लावलेलं असेल, तर नवा मदरबोर्ड बघून ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती की नसेल तर डेटा समोर असून हाताला लागत नाही. म्हणून मशीन दुरुस्तीला देण्याआधीच ती शोधून कागदावर लिहून ठेवा.

दुसरी पायरी: रॅमला रात्रभर जागवा

पेनड्राइव्हवरून चालणारा मेमटेस्ट८६ प्लस हा मोफत प्रोग्राम रॅमच्या प्रत्येक कप्प्यात काहीतरी लिहितो, परत वाचतो आणि दोन्ही जुळतात का ते बघतो. एक फेरी पुरेशी नाही. संध्याकाळी लावा, रात्रभर चालू द्या, सकाळी बघा. इथे पस्तीस टक्क्यांना पास नाही. एक जरी चूक दिसली तरी ती रॅम परत करायची.

सर्व्हरमध्ये बऱ्याचदा ईसीसी प्रकारची रॅम असते. ती एका बिटाची चूक स्वतः सुधारते आणि दोन बिटांची चूक झाली तर निदान कळवते. अशा चुका वाटतात तितक्या दुर्मीळ नाहीत. गूगलच्या सर्व्हरवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे एक तृतीयांश मशिनमध्ये वर्षातून किमान एकदा तरी अशी सुधारता येण्याजोगी चूक आढळली होती. म्हणून ईसीसी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मशीनच्या लॉगमध्ये या चुकांची नोंद होते, ती वाचायला सांगा. त्याच जागी वारंवार चूक येत असेल तर रॅमची ती पट्टी निकामी होत चालली आहे.

क्रमही महत्त्वाचा आहे. रॅम तपासल्याशिवाय डिस्क दुरुस्त करणारे प्रोग्राम चालवू नका. खराब रॅमवर चालणारी दुरुस्ती चांगल्या फाइलही बिघडवू शकते.

तिसरी पायरी: हार्ड डिस्क

प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात. त्यातले तीन आकडे विचारून घ्या. पहिला, किती खराब जागा बदलून दुसऱ्या वापरात घेतल्या. दुसरा, किती जागा संशयित आहेत. तिसरा, केबलमधून डेटा येताना किती चुका झाल्या. दुरुस्तीनंतर तिसरा आकडा वाढत असेल तर डिस्कपेक्षा आधी केबल बदलून बघा. ती नीट बसली नसण्याचीच शक्यता जास्त.

पण स्मार्ट ठीक म्हणजे डिस्क ठीक, असंही नाही. गूगलनेच २००७ मध्ये लाखाहून अधिक हार्ड डिस्कचा अभ्यास मांडला होता. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कवर सर्वात महत्त्वाच्या चार इशाऱ्यांपैकी एकही आला नव्हता. म्हणजे वाईट आकडा दिसला तर डिस्क नक्की बदला, पण चांगला आकडा दिसला म्हणून बॅकअप सोडू नका.

दोन डिस्कवर एकच डेटा ठेवणारी रेड पद्धत तुमच्याकडे असेल, तर नवी डिस्क लावल्यावर जुनीवरचा डेटा तिच्यावर उतरायला काही तास लागतात, कधी त्याहून जास्त. तोपर्यंत तुमचा सगळा डेटा एकाच डिस्कच्या भरवशावर असतो. हे काम पूर्ण झाल्याचं स्क्रीनवर दिसेपर्यंत मशीन बंद करू नका, त्यावर काम लादू नका आणि बिलही देऊ नका. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच पुसली जाते.

चौथी पायरी: उष्णता, वीज, नेटवर्क

रिकामं मशीन कधीच तक्रार करत नाही. प्रोसेसरला मुद्दाम पूर्ण कामाला लावणारे प्रोग्राम असतात. तो एक-दोन तास चालवा आणि तापमान बघत राहा. तापमान चढून एका जागी स्थिरावलं तर ठीक. चढतच राहिलं किंवा मशीन आपोआप रिस्टार्ट झालं, तर पंखा, प्रोसेसरवरची पेस्ट किंवा पॉवर सप्लाय यांत दोष आहे.

गरम मशीन दहा वेळा रिस्टार्ट होईल, पण थंड मशीन सकाळी उठणार नाही, असंही होतं. कमजोर पॉवर सप्लाय बऱ्याचदा तेव्हाच पकडला जातो. म्हणून रात्री बंद करून सकाळी सुरू करून बघा, तेही दोन-तीन दिवस. त्यानंतर यूपीएसची परीक्षा घ्या. सगळं काम सेव्ह करून, कुणी जोडलेलं नसताना, यूपीएसला जाणारी वीज बंद करा. मशीन किती मिनिटं तग धरतं ते लिहून ठेवा. रेडचं काम चालू असताना मात्र ही परीक्षा अजिबात नको.

पॉवर सप्लाय जळला असेल तर तो का जळला, हे विचारल्याशिवाय राहू नका. भिंतीतल्या प्लगचं अर्थिंग नीट नसेल तर नवा पॉवर सप्लायही त्याच वाटेने जाईल. वायरमनला बोलवून अर्थिंग तपासणं पॉवर सप्लायपेक्षा स्वस्त पडतं.

मग नेटवर्कची केबल जोडा. एक हजार एमबीपीएसचा वेग मिळायला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. एक जोडी जरी तुटली तर वेग गुपचूप शंभरवर येतो, आणि "सर्व्हर स्लो झालाय" म्हणत आपण सहा महिने काढतो. वेग किती दाखवतोय ते पहिल्याच दिवशी बघा.

पाचवी पायरी: कागद साक्षीदार

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी. ही इंजिनिअर करू शकत नाही, कारण आपली नोंद कोणती खरी हे त्याला माहीत नसतं. हे काम लिपिकाचं आणि शिक्षकांचं.

बंद पडण्याआधी छापलेल्या शेवटच्या पावतीचा नंबर बघा. सर्व्हरमधली शेवटची पावती तीच आहे का? एकूण विद्यार्थीसंख्या हजेरीपटाशी जुळते का? कागदी रजिस्टरातून कुठलीही वीस नावं उचला आणि नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख ताडून बघा. स्कॅनची नुसती यादी दिसली म्हणून समाधान मानू नका. पहिलं, मधलं आणि शेवटचं पान उघडून बघा. उर्दू आणि मराठी नावांकडे विशेष लक्ष द्या. डेटा परत भरताना सेटिंग चुकलं, तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा येतात. इंग्रजी नावं मात्र नीट दिसतात, त्यामुळे वरवर बघणाऱ्याच्या ते ध्यानातच येत नाही.

दुरुस्तीआधी घेतलेला बॅकअप किमान महिनाभर कपाटात कुलूप लावून ठेवा, त्यावर काहीही लिहू नका. डेटा बिघडला असेल आणि नवा बॅकअप जुन्यावरच घेतला, तर चांगली प्रत आपल्याच हातांनी पुसली जाते. नवा बॅकअप पहिल्या रात्री खरंच झाला का, तेही बघा. डिस्क बदलल्यावर जुनं सेटिंग जागा चुकतं आणि बॅकअप कुणाला न सांगता थांबतो. आणि बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून दाखवल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणायचं नाही.

बिल देण्याआधी

कोणता पार्ट बदलला, नव्या पार्टचा सीरियल नंबर काय, वॉरंटी किती महिन्यांची, हे बिलावर लिहून घ्या. जुना पार्ट परत मागा. हार्ड डिस्क तर सोडूच नका. ती बंद पडलेली असली तरी तिच्यात मुलांचे आधार नंबर, पत्ते, बँक खाती असतात आणि जाणकार माणूस ते बाहेर काढू शकतो.

हे सगळं ऐकायला खूप वाटतं, पण वाटून घेतलं तर जमतं. शनिवारी दुपारी मशीन आलं, तर बायोस आणि घड्याळ त्याच दिवशी. शनिवारची रात्र रॅमला. रविवारी डिस्क आणि उष्णता. सोमवारी सकाळी थंड मशीन सुरू करायचं, नेटवर्कचा वेग बघायचा आणि दोघांनी बसून वीस नावं ताडायची. यूपीएसची परीक्षा सोमवारी शाळा सुटल्यावर. एखाद्या पालकाला तेवढ्यात दाखला हवाच असेल, तर कागदी रजिस्टर समोर उघडं ठेवून हाताने लिहून द्या. वीसच्या वीस नावं जुळली आणि रात्रीचा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला, की मंगळवारपासून छपाई सुरू करायला हरकत नाही.