हवामान-बदल आणि राज्याचा कारभार: काही रूढ समज

हवामान-बदलाचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडील जाणता मनुष्यही पॅरिसकडे, ग्लासगोकडे किंवा फार तर दिल्लीकडे बोट दाखवतो आणि कोणत्या राष्ट्राने काय कबूल केले याची चर्चा करून मोकळा होतो. आपले राज्य सरकार, आपली जिल्हा परिषद किंवा आपली ग्रामपंचायत यांच्या दैनंदिन कारभाराशी या प्रश्नाचे काही नाते असेल, हे त्याच्या ध्यानीही येत नाही. सर्व गैरसमजांचे मूळ येथेच असल्यामुळे त्याचा निरास प्रथम केला पाहिजे. करार राष्ट्रे करतात हे खरे. परंतु त्या करारांची अंमलबजावणी ज्या खात्यांच्या दप्तरांतून व्हावयाची, ती खाती बहुतांशी राज्यांच्या अखत्यारीत आहेत. घटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे शेती, पाणी, जमीन, सार्वजनिक आरोग्य आणि स्थानिक स्वराज्य हे विषय राज्यांचे आहेत, तर वीज आणि वने यांवर केंद्र व राज्य या दोघांचाही अधिकार चालतो. 30 जून 2008 रोजी केंद्राने आठ अभियानांचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केल्यानंतर प्रत्येक राज्याला स्वतंत्र आराखडा करण्यास सांगण्यात आले, ते याच कारणाने. महाराष्ट्राचा अनुकूलन आराखडा, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याचा आराखडा, ‘टेरी’ या संस्थेच्या साहाय्याने 2014 मध्ये सिद्ध झाला; 2020 मध्ये पर्यावरण खात्याच्या नावात ‘वातावरणीय बदल’ या शब्दांची भर पडली; आणि त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पाच सदरांखाली नगरपालिकांच्या व ग्रामपंचायतींच्या कामाला गुण देण्याची पद्धत पडली.

दुसरा समज असा की झाडे लावली म्हणजे हवामानाचे ऋण फिटले. वृक्षारोपणाचा आपल्या मनाला असलेला ओढा मोठा आहे, आणि सरकारही तो ओळखून असते. 1 जुलै 2016 रोजी एका दिवसात दोन कोटी रोपे लावण्याचा संकल्प राज्याने केला होता आणि 2019 च्या मोहिमेत उद्दिष्ट तेहेतीस कोटींवर नेले. परंतु हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाचा जमाखर्च पाहिला म्हणजे या उपायाच्या मर्यादा उघड होतात. मुंबई महानगरपालिकेने मार्च 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या वातावरण कृती आराखड्याप्रमाणे 2019 मध्ये त्या शहराचे उत्सर्जन सुमारे 2 कोटी 34 लाख टन होते, आणि त्यातील 72 टक्के वाटा ऊर्जेचा, म्हणजे मुख्यतः कोळशापासून येणाऱ्या विजेचा होता. वाहतुकीचा 20 टक्के आणि उरलेला कचऱ्याचा. जे शहर आपली वीज कोळशातून घेते, त्याने चौकाचौकांत रोपे लावली तरी या हिशेबातील मुख्य रक्कम जागच्या जागीच राहते. शिवाय झाड कोठे लावायचे याचाही विवेक हवा. सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या अवर्षणप्रवण जिल्ह्यांतील माळराने ओसाड दिसतात म्हणून तेथे खड्डे खणून रोपे लावणे हे उपकाराचे काम वाटते. वस्तुतः तेथील गवताने आपला कार्बन मुळांत आणि मातीत साठवलेला असतो, दुष्काळात आणि वणव्यात तो साठा बराचसा सुरक्षित राहतो, आणि धनगरांच्या मेंढरांपासून माळढोकापर्यंत अनेकांचे जीवन त्या गवतावर अवलंबून असते. माळ हा पडीक नव्हे, ही गोष्ट महसूल आणि वन या दोन्ही खात्यांच्या कागदोपत्री जितक्या लवकर रुजेल तितके बरे.

हवामान बदलले म्हणजे पाऊस कमी झाला, असा एक समज ग्रामीण भागात फार रूढ आहे; पण तो अर्धाच खरा आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवून दिले की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले, आणि तेही पर्जन्याची एकूण सरासरी घटत असताना. मोठा खंड आणि मोठी झड यांचे हे एकत्र येणे हाच शेतकऱ्याचा खरा शत्रू आहे. म्हणूनच सोयाबीनसाठी कृषी खाते ज्या रुंद वरंबा-सरी पद्धतीचा आग्रह धरते, तिला महत्त्व आहे. झड लागली तर जादा पाणी सरीतून निघून जाते आणि खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते.

आता ज्या योजनेविषयी सर्वांत अधिक गैरसमज आहेत, आणि माझ्या मते जी या राज्याच्या प्रयत्नांत सर्वांत महत्त्वाची आहे, तिच्याकडे वळतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये सुरू झाली, आणि 2023 मध्ये तिची दुसरी, पुष्कळ मोठी आवृत्ती आली. पुष्कळांना वाटते की ही योजना म्हणजे प्रत्येकाच्या बांधावर सौर पंप बसवणे होय. तसे नाही, सौर पंप ही वेगळी योजना आहे. येथे शेतकऱ्याचा पंप, खांब, तारा, रोहित्र यांपैकी काहीही बदलत नाही. महावितरणच्या उपकेंद्रापासून पाच-दहा किलोमीटरांच्या परिसरात, शक्यतो गायरानासारख्या सरकारी जमिनीवर, सौर प्रकल्प उभा राहतो आणि त्याची वीज त्या उपकेंद्रातून निघणाऱ्या शेतीच्या वाहिन्यांना मिळते. जमीन खासगी असेल तर मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते आणि ते दरवर्षी 3 टक्क्यांनी वाढते. कोळशाची वीज स्वस्त आणि सूर्याची महाग, हा जुना समजही येथे टिकत नाही, कारण या प्रकल्पांची वीज युनिटमागे सुमारे तीन रुपयांना पडते, आणि औष्णिक केंद्रातून शेकडो किलोमीटर वाहून आणलेल्या विजेचा शिवारापर्यंतचा खर्च त्याहून कितीतरी अधिक असतो. तो वाढीव बोजा आजवर उद्योगांच्या वीजबिलांतून आणि राज्याच्या तिजोरीतून भरून निघत आला आहे.

परंतु या सगळ्या हिशेबाहून मोठी गोष्ट दिवसाच्या विजेची आहे. राज्यात सुमारे पंचेचाळीस लाख कृषिपंप आहेत, आणि त्यांना वर्षानुवर्षे आळीपाळीने दिवसा व रात्री वीज दिली गेली. जानेवारीच्या थंडीत मध्यरात्री गव्हाला पाणी द्यायला जाणारा शेतकरी, त्याच्या हातातली बॅटरी, पायाखालचा चिखल, विंचू-सापाचे भय आणि आता उसाच्या फडात मुक्काम केलेला बिबट्या, हे वर्णन जुन्नर-शिरूरच्या वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. सूर्य ज्या वेळी तळपतो त्याच वेळी त्याची वीज मिळते, ही सौरऊर्जेची उणीव म्हणून सांगितली जाते. शेतीच्या बाबतीत नेमका तोच तिचा गुण ठरला. उत्सर्जन घटवण्यासाठी शेतकऱ्याला त्याग करावा लागतो, अशी जी भीती घातली जाते, तिला याहून नेमके उत्तर मला ठाऊक नाही.

तथापि हीच योजना आणखी एका प्रश्नाकडे नेते आणि तो टाळून चालणार नाही. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. त्यात आता ती दिवसा मिळणार. म्हणजे भूगर्भातील पाणी उपसण्यावर किमतीचाही अंकुश नाही आणि वेळेचाही नाही. शेततळ्यांच्या बाबतीत हा धोका आधीच प्रत्ययास आला आहे. शेततळे खोदले म्हणजे दुष्काळावर मात झाली, असा समज आहे, आणि 2016 मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ या घोषणेने तो बळकट झाला. शेततळ्याचा मूळ हेतू वाहून जाणारे पावसाचे पाणी अडवण्याचा. पण अनेक गावांत प्लास्टिकचा कागद अंथरलेली तळी विहिरीच्या आणि कूपनलिकेच्या पाण्याने भरली जातात, आणि सर्वांच्या मालकीचे भूजल एकाच्या शिवारात येऊन उन्हाने वाफ होऊन जाते. अशा तळ्याला अनुकूलन म्हणणे योग्य नव्हे. तो पाण्याचा खासगी कब्जा आहे.

याच कारणासाठी नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातील एका अंगाकडे अधिक लक्ष जावयास हवे होते. लोक त्याला ‘पोकरा’ म्हणतात आणि अनुदानाची योजना म्हणून ओळखतात. ठिबकचे अनुदान मिळाले की नाही, एवढाच त्याचा हिशेब गावोगाव मांडला जातो. जागतिक बँकेच्या 42 कोटी डॉलरच्या कर्जाने 2018 मध्ये मराठवाडा, विदर्भ आणि जळगाव अशा 15 जिल्ह्यांत, पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यासह पाच हजारांहून अधिक गावांत तो सुरू झाला. मुंबईच्या आयआयटीच्या साहाय्याने त्यात प्रत्येक गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत बसवली गेली: पाऊस किती पडला, किती मुरला, किती वाहून गेला आणि उभ्या पिकांना किती लागेल. हा ताळेबंद हाती असल्यावाचून गावाने ऊस लावावा की हरभरा, हे ठरवणे अंधारात चाचपडण्यासारखे आहे. अनुदान संपल्यावरही उपयोगी पडणारी त्या प्रकल्पातील वस्तू हीच.

शेवटी एका दुहेरी गैरसमजाचा उल्लेख करतो: सरकारे केवळ घोषणा करतात असे काहींना वाटते, आणि घोषणा झाली म्हणजे काम झाले असे इतर काहींना. वर दिलेल्या योजनांवरून पहिला पक्ष खोटा ठरतो. दुसऱ्याला उत्तर म्हणून नागपूरजवळच्या कोराडीचे उदाहरण पुरे आहे, जेथे 660 मेगावॉटचे आणखी दोन कोळशाचे संच उभारण्यासाठी 2023 मध्ये जनसुनावणी झाली, म्हणजे ज्या वर्षी सौर वाहिनी योजनेची दुसरी आवृत्ती आली त्याच वर्षी. एक खाते जे कमावते ते दुसरे खाते घालवते आहे काय, हे कळण्याचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे लेखी हिशेब. मुंबई महानगरपालिकेने 2024 मध्ये आपल्या अर्थसंकल्पातील हवामानविषयक कामे वेगळी काढून त्यांचा स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला, आणि तो आकडा दहा हजार कोटी रुपयांच्या घरात गेला. त्यातील कोणते काम खरोखर हवामानाचे आणि कोणते नुसते त्या सदराखाली टाकलेले, यावर वाद होऊ शकतो, व्हावाही; पण कागद समोर असल्यामुळेच तो वाद शक्य झाला. आपापल्या महानगरपालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या येत्या अंदाजपत्रकाच्या वेळी असाच हिशेब वाचकांनी सदस्यांकडे मागावा, आणि गावात राहणाऱ्यांनी पुढच्या ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद फळ्यावर मांडण्याचा ठराव करून घ्यावा.