मिटलेले झाकण, जागे यंत्र

रुग्णाची नोंद, प्रयोगशाळेचे अहवाल, औषधांची यादी हे सारे आज डॉक्टरांच्या लॅपटॉपमध्ये सामावले आहे. २५ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केल्यापासून तर सल्लामसलतही पडद्यावरून होऊ लागली. परंतु लॅपटॉपचा पडदा टेबलाला लागूनच असल्याने त्यात दिवसभर पाहणाऱ्याची मान सदैव झुकलेली राहते. इतरांना मानदुखीवर उपाय सांगणाऱ्या आपण वैद्यकांनी स्वतःच्या मानेकडेही पाहावयास हवे. म्हणून मांद्रे येथील माझ्या दवाखान्यात मी स्वतंत्र मॉनिटर डोळ्यांच्या पातळीस ठेवला, वेगळा कळफलक व माऊस जोडला आणि लॅपटॉप मिटून बाजूस ठेवला. त्यावर समव्यवसायी मित्र हमखास विचारतात, ‘झाकण मिटताच यंत्र झोपी जाते, तुमचे जागे कसे राहते?’

उत्तर समजण्यासाठी या निद्रेचे कारण पाहू. अनेक लॅपटॉपच्या झाकणात लहानसे चुंबक आणि खालच्या भागात त्याची चाहूल घेणारा संवेदक असतो. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ साली शोधलेल्या परिणामावर तो चालतो. आपणास हे तत्त्व अपरिचित नाही. बहुतेक पेसमेकरवर चुंबक ठेवले असता तो हृदयाचे ठोके न जोखता ठरावीक गतीने स्पंदने देऊ लागतो. लॅपटॉपमध्ये चुंबक जवळ येताच निद्रेचा आदेश सुटतो. प्रोसेसर थांबतो, स्मृतीला मात्र किंचित वीज मिळत राहते.

हा आदेश बदलता येतो. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्स उघडून झाकण मिटल्यावर काय करावे, तेथे ‘डू नथिंग’ निवडावे. मात्र ते केवळ ‘प्लग्ड इन’ या रकान्यात. ‘ऑन बॅटरी’खाली ‘स्लीप’च राहू द्यावे. तसे न केल्यास पिशवीत ठेवलेले जागे यंत्र तापत राहते. ॲपलच्या मॅकबुकला सहसा अशी निवड करावी लागत नाही. चार्जर, बाह्य पडदा, कळफलक व माऊस जोडलेले असले की ते मिटूनही चालते.

उष्णतेचे भान मात्र ठेवावे. काही लॅपटॉप कळफलकाच्या फटींतूनही हवा घेतात व उष्णता सोडतात. झाकण मिटले की ती वाट अडते. म्हणून यंत्र मोकळ्या जागी ठेवावे, त्यावर फायलींचा ढीग रचू नये. पावसाळ्यात वीज गेली आणि मॉनिटर इन्व्हर्टरवर नसला, तर पडदा काळा होतो, पण लॅपटॉप आत बॅटरीवर चालू असू शकतो. अशा वेळी झाकण उघडून काम जतन करावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. यंत्र झोपत असे तेव्हा जागे होताना ते सांकेतिक शब्द मागत असे. म्हणजे निद्रा हेच आपल्या नोंदींचे कुलूप होते. निद्रा काढून टाकताच ते कुलूपही निघते. डॉक्टर दुसऱ्या खोलीत रुग्ण तपासावयास गेले, तर लॅपटॉप मिटलेला दिसतो; परंतु मोठ्या पडद्यावर आधीच्या रुग्णाचा अहवाल ठळक अक्षरांत झळकत असतो. आमच्यासारख्या गावात बाकावर बसलेला प्रत्येक जण त्या नावाला ओळखतो. गर्भधारणा, क्षय, मनोविकार यांची वार्ता रुग्णाच्या आधी त्याच्या वाड्यावर पोहोचावी, याहून मोठा विश्वासभंग कोणता? रुग्णाचे गुपित राखण्याचे बंधन २००२ सालच्या वैद्यकीय आचारसंहितेनेही आपणावर घातले आहे.

यास उपाय सोपा आहे. खुर्चीवरून उठताना विंडोजचे चिन्ह असलेली कळ व ‘एल’ एकत्र दाबावी. मॅकबुकवर कंट्रोल, कमांड व ‘क्यू’. काही मिनिटांनी पडदा आपोआप कुलूपबंद व्हावा, अशी व्यवस्थाही करावी. मॉनिटरची पाठ रुग्णांच्या बाकाकडे असावी. वैद्यकबंधूंनी व भगिनींनी आपल्या मानेची काळजी अवश्य घ्यावी. मात्र यंत्राला जागे ठेवण्याआधी ही कुलपाची सवय हातास लावून घ्यावी, एवढीच विनंती.