व्यसन रक्तात असते का?

'खाण तशी माती' ही म्हण आपण घरोघरी ऐकतो. मुलाचे नाक-डोळे, चालण्याची ढब बापासारखी निघाली की ती हमखास आठवते. पण पिऊन पडलेल्या तरुणाकडे बोट दाखवून कुणी म्हणतो, 'बापाले होती, पोराले लागली', तेव्हा त्याच म्हणीला धार येते. सोयरीक जुळवताना 'त्या घरात दारू आहे' म्हणून निर्व्यसनी मुलालाही नकार मिळतो. आणि पिणाराही तेच पांघरूण घेतो, 'आमच्या रक्तातच आहे, मी काय करू?' मग खरे काय?

हा प्रश्न सोडवणे अवघड होते. कारण बाप मुलाला जनुके देतो आणि घरही देतो. मूल बिघडले ते कशामुळे, हे कसे ओळखायचे? अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये यावर वाट काढली. जन्मानंतर लवकरच दुसऱ्या घरी दत्तक गेलेल्या मुलांची माहिती त्यांनी गोळा केली आणि १९७३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्या जन्मदात्यांपैकी एक मद्यासक्त होता, अशा मुलांपैकी १८ टक्के पुढे मद्यासक्त झाले. ज्यांच्या जन्मदात्यांना हा त्रास नव्हता, त्यांच्यात हे प्रमाण ५ टक्के होते. म्हणजे बापाची सावलीही न पडलेल्या मुलांत धोका तिपटीहून अधिक! आनुवंशिकतेचा हात आहे, हे यातून दिसले.

पण हाच आकडा उलट बाजूने वाचा. १०० पैकी ८२ मुले मद्यासक्त झाली नाहीत. वारसा मिळाला तो धोक्याचा, व्यसनाचा नव्हे.

पुढे जुळ्यांवरही पुष्कळ अभ्यास झाले. माणसामाणसांत दारूच्या आहारी जाण्याबाबत जो फरक दिसतो, त्यातला साधारण निम्मा जनुकांमुळे आणि उरलेला परिस्थितीमुळे, असे ते सांगतात. तंबाखूच्या बाबतीतही चित्र बरेचसे असेच आहे.

ही जनुके करतात तरी काय? आपण घेतलेल्या दारूचे यकृतात आधी अॅसिटाल्डिहाइड नावाचे विषारी द्रव्य होते आणि मग त्याचे निरुपद्रवी द्रव्यात रूपांतर होते. जपान, चीन, कोरियातल्या अनेकांमध्ये ही दुसरी पायरी जन्मतःच मंद असते. दोन घोटांतच चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळते. साहजिकच असे लोक दारूच्या आहारी कमी जातात. भारतात हा जनुकीय फरक क्वचितच आढळतो. म्हणजे निसर्गाचे हे कुलूप आपल्या दाराला बहुधा नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. 'आपल्याला कितीही घेतली तरी चढत नाही' अशी फुशारकी आपण ऐकतो. अमेरिकेतले संशोधक मार्क शुकिट यांनी मद्यासक्त बापांच्या मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. ज्यांना तरुणपणी दारू कमी चढायची, तेच पुढे व्यसनात अधिक अडकले. कारण शरीर वेळेवर 'पुरे' म्हणत नाही. तेव्हा न चढणे हा पराक्रम नव्हे, ती धोक्याची घंटा आहे.

तंबाखूतले निकोटिनही यकृतच निकामी करते. काहींच्या शरीरात ते झटपट संपते आणि पुन्हा लवकर तल्लफ येते. २००८ साली पंधराव्या गुणसूत्रावरचा एक भाग सापडला. त्यातल्या फरकामुळे धूम्रपान करणारा दिवसाला अधिक सिगारेटी ओढतो. २०१९ साली सुमारे १२ लाख लोकांच्या अभ्यासात दारू-तंबाखूच्या सवयींशी संबंधित ४०० हून अधिक जागा जनुकसाखळीत आढळल्या. प्रत्येकीचा वाटा अगदी चिमूटभर. 'व्यसनाचे जनुक' असे एकटे काही नाहीच. शिवाय ही माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. म्हणून रक्त तपासून कुणाचे भविष्य सांगता येत नाही.

आणि जनुके पानठेला उघडत नाहीत! तंबाखू आपल्या देशात आली ती पोर्तुगीजांबरोबर. त्याआधी आपल्या पूर्वजांकडे हीच जनुके होती, पण तंबाखूचे व्यसन कुणालाच नव्हते. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे २७ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते, पण विडी-सिगारेट ओढणारे ४ टक्क्यांच्या आसपासच. बाकीचे खाणारे. आपल्याकडे पन्नीत घोटलेला खर्रा हाती येतो, मेळघाटात मोहाची दारू. काय हाताशी येते, कोणत्या वयात येते आणि कोण देते, हे गाव ठरवते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण वऱ्हाडाच्याच मातीतले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या डेबूचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. पोरका डेबू आईसोबत मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला मामाच्या घरी वाढला. बारशाला दारू-मटणाचे जेवण देण्याची रीत असताना त्याने मुलीच्या बारशाला गोडाचे जेवण दिले. हाच डेबू पुढे संत गाडगेबाबा झाला आणि दारू सोडा म्हणून गावोगाव सांगत फिरला. बापाच्या व्यसनाचा धोका त्यांच्याही वाट्याला आला असेल. पण त्यांनी पहिला घोटच घेतला नाही. पहिल्या घोटावाचून या जनुकांचे काही चालत नाही.

तेव्हा ज्या घरात आजोबा, काका, वडील यांना व्यसन होते, त्या घराने लाजू नये, सावध व्हावे. जशी मधुमेह असलेल्या घरातली माणसे साखरेला जपतात तशी. मुलांना हे स्पष्ट सांगावे. सुरुवात जितकी कोवळ्या वयात, तितका धोका मोठा. म्हणून पोराला खर्रा आणायला ठेल्यावर पाठवू नये. १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदीच आहे.

ज्यांना व्यसन लागले आहे, त्यांनाही वाट आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी थांबवल्यास झटके येऊ शकतात. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडावी. दारू सोडवण्याचे औषध नकळत भाजीत कालवून देणे तर जिवावर बेतू शकते. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ वर बोलता येते.

खाण तशी माती असेलही. पण त्या मातीत काय पेरायचे, हे शेतकरी ठरवतो. वऱ्हाडातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)