माळावरचे शेजारी (लेखांक ७) : ‘आमचं काही करत नाही हो!’

गेल्या आठवड्यात टिटवीच्या घरट्याबद्दल लिहिलं होतं. घरटं कसलं, खड्यांत टाकलेली चार अंडी. साप, मुंगूस आणि घारीपासून टिटवी ती कशी राखते, तेही पाहिलं. एक शेजारी मात्र मुद्दाम मागं ठेवला होता, कारण त्याच्याबद्दल बोललं की माणसं दुखावतात. तो म्हणजे कुत्रा.

रेणापूर तालुक्यात भंडारवाडीला रेणा मध्यम प्रकल्प आहे. उन्हाळा लागला की धरणाचं पाणी मागं सरकतं आणि काठाला खडे-गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. टिटवी, शेकाट्या, कंठेरी चिखल्या यांना अंडी घालायला असाच काठ लागतो आणि सकाळची हवा खायला आलेल्या माणसांनाही हाच आवडतो. मोटारसायकल लावून कुणी पाण्याकडे उतरतो, मागून पळत आलेलं त्याचं कुत्रं नाक खाली घालून काठ धरतं. टिटवी उठते, त्याच्या डोक्यावर घिरट्या घालत कोकलते. कुत्रं वर बघून दोनदा भुंकतं, पुन्हा नाक खाली. मालकाला म्हणावं, ‘जरा बोलवा की त्याला,’ तर उत्तर ठरलेलं : ‘आमचं काही करत नाही हो. खेळतंय नुसतं.’

माणूस खोटं बोलत नसतो. कुत्र्यानं खरोखर कुणाला तोंड लावलेलं नसतं. पण एप्रिलच्या उन्हात उघड्या खड्यांवर पडलेल्या अंड्यांना ऊब नको असते, सावली हवी असते. टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसून त्यांना गारवा देते. तिला अर्धा तास हवेत ठेवलं, तर अंडी भाजून निघायला दात लागत नाहीत. ‘काही करत नाही’ म्हणताना आपण फक्त चावे मोजतो, खोट आहे ती तिथं.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात अबी वनक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोकडांवर बरीच वर्षं काम केलं. खोकड म्हणजे आपल्या माळावरचा तो झुपकेदार शेपटीचा लहानखुरा कोल्हा. त्यांनी खोकडांसमोर खाणं ठेवलं आणि जवळ कुत्रा दिसेल अशी व्यवस्था केली. खोकडं आली, पण कमी खाऊन गेली. खाण्यापेक्षा मान वर करून बघण्यातच त्यांचा वेळ गेला. रेडिओ कॉलर लावून माग काढला, तेव्हा दिसलं की कुत्र्यांचा वावर असलेली जागा खोकडं टाळतात. एकही चावा न घेता कुत्र्यानं त्यांचा माळ आक्रसून टाकला होता.

सिडनीजवळच्या रानवाटांवरचा प्रयोग तर पट्टा लावलेल्या कुत्र्यांवरचा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कुत्रा घेऊन माणूस चालत गेल्यावर पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि संख्या ४१ टक्क्यांनी कमी भरली. नुसती माणसं चालली, तेव्हा परिणाम साधारण निम्मा होता. पक्ष्याला मालकाचा स्वभाव कळत नाही, कुत्र्याचा आकार कळतो.

चावण्याचा हिशेबही काही कमी नाही. २०१८ साली भारतभरातून गोळा केलेल्या नोंदींत कुत्र्यांनी ८० जातींच्या वन्यप्राण्यांवर हल्ले केल्याचं दिसलं. त्यांतल्या ३१ जाती धोक्यात आलेल्या. जवळपास निम्म्या घटना अभयारण्यांत किंवा त्यांच्या आसपासच्या.

मग उपाय काय, पट्टा? इंग्लंडात मोकळ्या माळरानांवर जायचा हक्क कायद्यानं दिलाय, पण १ मार्च ते ३१ जुलै कुत्र्याला दोन मीटरपर्यंतच्या पट्ट्यानंच न्यायचं. पक्ष्यांचा विणीचा काळ म्हणून. नियम चांगला आहे. तो उचलून इथं आणला की मात्र पहिल्याच बांधावर अडखळतो, कारण आपल्याकडचं बहुतेक कुत्रं फिरायला आलेलं नसतं, कामावर असतं.

रब्बीत हरभरा फुटव्याला आला की हरणांचे कळप रात्रीत वावर साफ करतात. त्या शेतकऱ्याला सांगून बघा, कुत्रं हरणांच्या मागं लागतंय म्हणून. तो म्हणेल, ‘मग काय पूजा करायला पाळलंय का?’ काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे हे त्याला ठाऊक असतं. म्हणूनच तो स्वतः काठी घेत नाही, कुत्र्याला सोडतो. धनगराचं कुत्रं तर लांडग्यासाठीच असतं. पळपुट्या गुराच्या गळ्यात लोढणं अडकवायची आपली जुनी रीत, पण मेंढरं राखणाऱ्या कुत्र्याला लोढणं घाला म्हणालात तर धनगर हसेल, आणि बरोबरच हसेल.

त्यात दत्ताच्या पायाशी चार कुत्री, खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रं. मोकाट कुत्र्याला भाकरी टाकण्यात पुण्य वाटणारी माणसं आपल्यात पुष्कळ आहेत आणि त्यात वावगं काही नाही. गंमत एवढीच, की काठावर फिरणाऱ्याला मोकाट कुत्र्यांचा त्रास वाटतो, शेतकऱ्याला गावातून आलेल्या टोळीचा आणि गावाला शेतावरच्या कुत्र्यांचा. स्वतःचं कुत्रं प्रत्येकाच्या यादीतून गळलेलं.

कायद्याची नजर अजून माळापर्यंत पोचलेली नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटकं कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचललं तिथंच सोडायचं. ते ‘तिथं’ म्हणजे विणीचा काठ असेल तर? सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं आहेत. गायरान आणि तलावाचा काठ त्यात कुठं असणार? लातूर तर वनक्षेत्रात राज्यात तळाला असलेला जिल्हा. आपल्या रानातले जीव राहतात ते याच गायरानांत, पडीक माळांत आणि धरणांच्या काठांवर.

म्हणून माझं म्हणणं कामावरच्या कुत्र्यांबद्दल नाहीच. शेतकऱ्याचं आणि धनगराचं कुत्रं वेगळं मोजा. त्यांना लस टोचून घेतली तरी पुष्कळ, कारण २०१८ साली गीरमध्ये वीसहून जास्त सिंह गेले, त्यात कुत्र्यांमध्ये नेहमी आढळणाऱ्या डिस्टेंपरच्या विषाणूचा हात होता. प्रश्न उरतो हौसेनं काठावर आणलेल्या कुत्र्याचा. त्याला राखण नाही, लांडगा नाही. फाल्गुन ते ज्येष्ठ त्याला पट्ट्यानं धरून भिंतीवरच फिरवलं आणि काठावर उतरवलं नाही, तर मालकाचं काय जातं? धरण जलसंपदा विभागाचं आहे. खाली उतरायच्या वाटेवर तेवढ्या चार महिन्यांपुरती एक पाटी लावायला त्यांना नवा कायदा लागणार नाही.

(पुढील आठवड्यात : लांडगा. पुण्याजवळच्या लांडग्यांत कुत्र्याचं रक्त मिसळल्याचा जनुकीय पुरावा २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्याबद्दल.)