शाळेतलं मॉक ड्रिल खरंच जीव वाचवतं का? दोन शाळांची गोष्ट

११ मार्च २०११, दुपारचे २ वाजून ४६ मिनिटं. जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ समुद्रात ९ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यानंतर आलेल्या त्सुनामीने किनाऱ्यावरची गावंच्या गावं वाहून नेली. त्या वेळी मुलं शाळेत होती. दोन ठिकाणच्या शाळांमध्ये जे घडलं, त्याची चर्चा आजही होते.

कामाइशीत काय झालं?

कामाइशी शहरात उनोसुमाई भागातली माध्यमिक शाळा समुद्राच्या अगदी जवळ होती. जमीन हादरायची थांबताच तिथली मुलं ठरलेल्या उंच जागेकडे पळत सुटली. शेजारच्या प्राथमिक शाळेतली मुलं आधी तिसऱ्या मजल्यावर गेली होती. मोठी मुलं पळताना दिसल्यावर तीही खाली उतरली आणि त्यांच्यामागे निघाली. मोठ्यांनी लहानांचे हात धरले.

ठरलेल्या जागी पोहोचल्यावर मागची दरड कोसळताना दिसली. ती जागा सुरक्षित नाही हे ओळखून सगळे आणखी वर गेले. थोड्याच वेळात पहिली जागा पाण्याखाली गेली. त्या दिवशी शाळेत असलेल्या शहरातल्या जवळपास ३,००० मुलांचा जीव वाचला.

याला चमत्कार म्हटलं गेलं. पण गुन्मा विद्यापीठाचे प्राध्यापक तोशिताका काटादा अनेक वर्षं या शाळांसोबत सराव करून घेत होते. त्यांची शिकवण तीन वाक्यांची होती: नकाशावर आंधळा विश्वास ठेवू नका, त्या क्षणी शक्य ते सगळं करा आणि इतरांची वाट न पाहता आधी तुम्ही निघा.

ओकावात काय चुकलं?

इशिनोमाकी शहरातली ओकावा प्राथमिक शाळा समुद्रापासून सुमारे ४ किलोमीटर आत, नदीकाठी होती. भूकंपानंतर मुलांना पटांगणात आणलं गेलं, इथपर्यंत सगळं नीट झालं. पुढे कुठे जायचं, हे मात्र ठरलेलं नव्हतं. शाळेच्या आराखड्यात जवळच्या 'मोकळ्या जागेत किंवा बागेत' जावं, एवढंच लिहिलं होतं. मागेच टेकडी होती. तरी जवळपास ५० मिनिटं पटांगणातच गेली. ७४ मुलं आणि १० शिक्षकांचा बळी गेला.

पालक न्यायालयात गेले. २०१८ मध्ये सेंदाई उच्च न्यायालयाने मोठी चूक आपत्तीच्या आधीची असल्याचं सांगितलं. शाळा आणि प्रशासनाने नीट आराखडा केला नव्हता. २०१९ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयात हा निकाल कायम राहिला.

भारताचा याच्याशी काय संबंध?

१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणम इथे एका शाळेच्या स्वयंपाकघरातली आग वरच्या वर्गांच्या गवती छपरापर्यंत पोहोचली. जिना अरुंद होता. ९४ मुलांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल दिला. शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही येतो, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. शाळांमध्ये आग विझवण्याची साधनं बसवावीत आणि शिक्षकांना प्रशिक्षण द्यावं, असेही आदेश दिले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये शालेय सुरक्षेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

महाराष्ट्रालाही भूकंप नवा नाही. १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा, हे दोन्ही भूकंप पहाटे झाले, तेव्हा शाळा रिकाम्या होत्या. प्रत्येक वेळी तसंच होईल असं नाही. २००१ मध्ये गुजरातचा भूकंप प्रजासत्ताकदिनी सकाळी झाला. अंजारमध्ये फेरीत निघालेली अनेक मुलं आणि शिक्षक अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या इमारतींखाली गाडले गेले. म्हणूनच जमण्याची जागा मोकळी आणि भिंतींपासून दूर असावी लागते.

चांगलं ड्रिल कसं असतं?

आग आणि भूकंप यांचे नियम वेगळे आहेत. भूकंपात जमीन हलत असताना पळायचं नाही. बाकाखाली बसायचं, डोकं झाकायचं आणि बाकाचा पाय धरून ठेवायचा. हादरे थांबल्यावरच बाहेर पडायचं. आग लागली तर लगेच निघायचं, दप्तर घ्यायला थांबायचं नाही, लिफ्ट वापरायची नाही आणि धुरात वाकून चालायचं.

बाहेर आल्यावर हजेरीपटावरून मुलं मोजायची. आत कोणी राहिलंय का, हे त्याशिवाय कळत नाही. चालायला त्रास असलेल्या मुलासोबत कोण थांबणार, हेही आधी ठरलेलं हवं.

ड्रिलचा खरा उपयोग चुका सापडण्यात आहे. मागच्या फाटकाला कुलूप आहे आणि किल्ली शिपायाकडे, जिन्यात मोडके बाक रचलेत, घंटा वरच्या मजल्यावर ऐकू येत नाही, या गोष्टी कागदावर दिसत नाहीत. सगळ्यांना आधी सांगून, रांगेत उभं करून फोटो काढले, तर त्या दिसतच नाहीत.

पालकांनी काय विचारावं?

पालकसभेत चार प्रश्न पुरेसे आहेत: शेवटचं ड्रिल कधी झालं? त्यात काय चुकलं? ते दुरुस्त झालं का? आणि आणीबाणीत मूल कुणाच्या ताब्यात देणार?

घटना घडलीच, तर व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज खात्री न करता पुढे पाठवू नका. सगळ्यांनी एकदम गाड्या शाळेसमोर आणल्या तर अग्निशमन दलाचा बंबच अडकतो. मदतीसाठी ११२ किंवा अग्निशमन दलाचा १०१ हा क्रमांक आहे.

आज घरी आल्यावर मुलाला एवढंच विचारून पाहा, "घंटा वाजली तर तू कुठे जाशील?" त्याला लगेच उत्तर देता आलं नाही, तर शाळेला विचारायचा पहिला प्रश्न तोच.