माहितीपटातील न्यायालय

बारवी धरणाचे पाणी पिणाऱ्या आम्हा अंबरनाथ-बदलापूरकरांना कोर्टाची ओळख बहुधा हिंदी सिनेमातूनच होते. खरा न्याय किती वर्षे घेतो, हे माहितीपट दाखवितो. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) त्यापैकीच होय.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधास जमलेल्यांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. १० जण मृत्युमुखी पडले. न्या. गुंडेवार आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय ठरविला. परंतु चौकशी आयोग शिक्षा देत नाही, शासनास अहवाल देतो. शिक्षेसाठी आरोपपत्र, साक्षी, उलटतपासणी हा मार्ग चालावाच लागतो. सत्र न्यायालयाने संबंधित पोलीस अधिकाऱ्यास जन्मठेप सुनावली ती २००९ मध्ये. पुढे उच्च न्यायालयातून त्यास जामीन मिळाला. पटवर्धनांनी १४ वर्षे चित्रीकरण करून हा काळ नोंदविला.

आयोग, सत्र न्यायालय, उच्च न्यायालय यांची कामे वेगवेगळी आहेत. म्हणून असे माहितीपट विहारात एकत्र बसून पाहावेत आणि कोणता निष्कर्ष कोणाचा, कोणत्या वर्षीचा, हे मुलांकडून वहीत लिहून घ्यावे, अशी आम्ही बंधू-भगिनींना नम्र विनंती करतो.